न्यूरो आयसीयूला पाच स्टार, डिस्चार्जला दोन

दादाला मेंदूच्या उजव्या बाजूचा मोठा स्ट्रोक आला, वय ५२. डावा हात-पाय गेला पण पहिल्या दिवशी नीट बोलत होता, माझा मोबाईल कुठंय म्हणून विचारत होता, त्यामुळे आम्ही जरा निवांत झालो. डॉक्टर मात्र त्याच संध्याकाळी म्हणाले की खरी भीती पुढच्या दोन-चार दिवसांची, मेलेला भाग सुजतो, कवटी काही फुगत नाही, मग ती सूज चांगल्या मेंदूला दाबते. सिस्टर दर तासाला त्याला उठवून बघायच्या, झोपू पण देत नाहीत म्हणून मी एकदा चिडलो होतो (सॉरी सिस्टर). दुसऱ्या रात्री त्यांनाच आधी कळलं की हा हाकेला ओ देत नाहीये. मॅनिटॉल (सूज उतरवायचं औषध), सीटी, आणि लगेच सर्जन समोर.

सर्जननी गोड काहीच सांगितलं नाही. म्हणाले एका बाजूचं हाड काढून सुजेला जागा करून देणार, १२ सेंटीमीटरपेक्षा लहान काढून उपयोग नसतो, पण हात चालू होईल या आशेवर सही करू नका. कागदावर आकडे लिहून दिले: साठीच्या आतले पेशंट, ४८ तासांच्या आत ऑपरेशन, तर १०० पैकी ७८ जगतात, ऑपरेशन नाही केलं तर २९. हे २००७ मध्ये तीन ट्रायल एकत्र करून निघालेले आकडे. आणि खाली, वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कायम कुणाचा तरी हात लागतो, हेही लिहिलं. आई नको म्हणत होती, वहिनीने तो कागद दोनदा वाचला आणि सही केली.

स्टार कापले ते डिस्चार्जचे. डोक्याला एका बाजूला हाडच नाही अशा माणसाला घरी पाठवताना हेल्मेटचं नाव कुणी काढलं नाही, कुठल्या कुशीवर झोपवायचं ते पण आम्हीच विचारलं. सूज उतरल्यावर तिथे खड्डा पडतो, बसवलं की अजून आत जातो, आम्ही ते बघून हादरलो आणि फोन केला तर ऑपरेटर या काउंटरवरून त्या काउंटरवर. हाड फ्रीझरमध्ये ठेवलंय एवढं कळलं, पण त्याचा कागद मागून मागून घ्यावा लागला.

तीन महिन्यांनी तेच हाड परत बसवलं, ते काम एकदम व्यवस्थित. आता काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातो, डावा हात अजून लुळाच आहे, चिडचिड भरपूर करतो. इथे पेशंट नेणार असाल तर वॉर्डचा डायरेक्ट नंबर आणि हाडाचा कागद डिस्चार्जच्या आधीच हातात घ्या.