नोकरी बदलावी की हातातलं काम?

आधी दोन आठवडे वहीत लिहा: कोणतं काम, किती मिनिटं, आणि संपल्यावर हुरूप आला की जीव विटला. हात चालतो आणि हुरूपही येतो, ते बलस्थान. नुसतं जमतं म्हणून गळ्यात पडलेलं काम नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

वीट आणणारी कामं आठवड्याला पाच-सहा तासांची असतील, तर साहेबांकडे नेमकी अदलाबदल मागा: "महिन्याचा आकडेवारीचा अहवाल (एमआयएस) दुसऱ्याकडे द्या, नव्या मुलांना शिकवायचं मी बघते." मोघम 'काम बदलून द्या' म्हटलं की जुनं तसंच राहतं, वर नवं येऊन बसतं.

निम्म्याहून जास्त वेळ वीट आणणाऱ्या कामांतच जात असेल, तर नोकरी बदललेली बरी. मात्र सलग पाच वर्षं भरत आली असतील, तर नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीच्या रकमेसाठी थांबा. नव्या ठिकाणी पगाराआधी रोजच्या कामाचा तपशील विचारा.