लॅबमधलं टर्बोजेट: एक हिवाळा आणि एक सोलापुरी उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. मशीन, म्हणजे जेट इंजिन कसं चालतं हे मुलांना दाखवायचं हे छोटं टर्बोजेट, चांगलं आहे. पण घेताना पैसे नुसत्या मशीनचे धरू नका. खोली, एक्झॉस्टचा डक्ट आणि कॉम्प्रेसरची कोरडी हवा यांचेही धरा. आमच्या कॉलेजात ही लॅब माझ्याकडे आहे, त्यामुळे या तिन्हींसाठी फायली मीच फिरवल्यात.

मुलांना भीती वाटते फुल थ्रॉटलची. माझा जीव टांगणीला लागतो तो स्टार्टला. दाबाच्या हवेने रोटर (इंजिनाचा फिरता भाग) फिरवायचा, ठिणगी देणारा इग्नायटर चालू करायचा, मग इंधन. त्यानंतर डोळे दोनच काट्यांवर: आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि एक्झॉस्टचं तापमान. आरपीएम अडकून बसला आणि तापमान मात्र चढतंय, तर क्षणाचाही विचार न करता इंधन बंद, हवा चालूच. पेटलंच नाही, तर ‘सर, परत एकदा मारू का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ठरलेलं: नाही. आत साचलेलं इंधन ड्रेन करायचं, नुसत्या हवेने इंजिन फुंकून काढायचं, मगच पुढचा स्टार्ट. १२ एप्रिल १९३७ ला जेट इंजिनाचा ब्रिटिश संशोधक फ्रँक व्हिटल याचं पहिलं इंजिन इंधन बंद केल्यावरही सुसाट वेग घेत राहिलं होतं, ते आत साचलेल्या इंधनामुळेच. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. नियमांच्या तक्त्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

वेगाचा अंदाज मुलांना येत नाही, म्हणून फळ्यावर गणित करायला लावतो. १० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ८०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. एवढं झालं की टर्बाइनच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका, हे वेगळं सांगावं लागत नाही. आयकार्डची दोरी, ओढणी, टोपी, सुटे कागद हे सगळं दाराबाहेर. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवतो, आणि इंधन तोडायचं लाल बटण ज्याच्याकडे, त्याने रीडिंग घ्यायचं नाही.

आता उन्हाळा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, त्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या घरात. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा इथली हवा तेव्हा साधारण १३ टक्के विरळ होते. थ्रस्ट (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) कमी आणि तेवढ्याच आरपीएमला तापमान वर. स्टार्टलाही काटा मर्यादेच्या जास्तच जवळ जातो. म्हणून मे महिन्यातली प्रॅक्टिकल्स सकाळी लवकर. शिकवायला मात्र हे सोनं आहे: डिसेंबर आणि मेची रीडिंग्ज शेजारी ठेवली की घनतेवर वेगळं लेक्चर लागत नाही. धूळ ही दुसरी कटकट. कोणीतरी इनटेकला कापड बांधायचं सुचवलं होतं. सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण ते आत ओढलं गेलं तर इंजिन संपलंच. त्यापेक्षा रोज फरशी ओल्या फडक्याने पुसणं बरं.

बंद करतानाही घाई नको. थोडा वेळ आयडलवर ठेवायचं, मग इंधन तोडून हवेने थंड करायचं. नाहीतर टर्बाइनची उष्णता मागच्या बेअरिंगपर्यंत जाऊन तिथलं तेल करपतं. तास संपल्याची घंटा नेमकी याच वेळी होते.

रीडिंग्जबद्दल एक सूचना. ज्वलनकक्षानंतरचं तापमान गणिताशी जुळत नाही. तापमान मोजणारा प्रोब एकाच जागी, आणि प्रवाहाचं तापमान सगळीकडे सारखं नसतं. कार्यक्षमता अशक्य आली की मुलं आकडे ‘दुरुस्त’ करतात. मी तसाच आकडा कारणासकट लिहायला लावतो.

तक्रार सर्व्हिसबद्दल. एक्झॉस्टचं तापमान मोजणारं थर्मोकपल बिघडलं आणि पुरवठादाराने बरेच दिवस झुलवत ठेवलं. तोवर युनिट बंद, कारण तो काटा नसताना स्टार्ट मारणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं. घेणार असाल तर थर्मोकपल आणि इग्नायटर जादाचे, मशीनसोबतच, ऑर्डरमध्ये लिहून घ्या.