अकरा कॉम्प्युटर, दहा महिने: ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायसन्सचा अनुभव

दहा महिन्यांपूर्वी ऑफिसातले अकरा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले. कारण एवढंच की 'तुला त्यातलं कळतं.' मला कळत होतं ते फॉरमॅट मारण्यापुरतं. कुठलं विंडोज कुठल्या मशीनवर नियमात बसतं, हा प्रश्न तोवर कधी पडलाच नव्हता. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसलं की माझ्यासाठी विषय संपायचा. आता एवढं पक्कं कळलंय: 'की' (विंडोज चालू करायला लागणारा अक्षर-आकड्यांचा कोड) चालणं वेगळं आणि लायसन्स, म्हणजे वापरायचा हक्क, असणं वेगळं. लायसन्स नसताना की महिनोन्‌महिने चाललेली पाहिली, आणि लायसन्स खिशात असताना की अडून बसलेलीही पाहिली.

आमच्याकडची वाटणी अशी: विंडोजसह आलेली पाच ब्रँडेड मशीन, तीन असेंबल केलेली, दोन जुनी ब्रँडेड आणि एक मॅक.

पाच ब्रँडेड मशीननी काडीचाही त्रास दिला नाही. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या की थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) घालून देतात. एका मशीनची डिस्क गेली, नवीन टाकली, पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू केलं, तर त्याने की मागितलीच नाही. 'होम' टाकू का 'प्रो' (विंडोजचे दोन प्रकार), हेही विचारलं नाही. बोर्डात होमची की होती, त्याने गुपचूप होम टाकलं. (मला प्रो हवं होतं, ती वेगळी रड.) हे ओईएम लायसन्स, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेलं, त्या मशीनसोबत येतं आणि त्या मशीनसोबतच जातं. रॅम बदला, डिस्क बदला, ग्राफिक्स कार्ड बदला, हरकत नाही. मदरबोर्ड मात्र नियमाच्या दृष्टीने साक्षात कॉम्प्युटर. सहाव्या महिन्यात एकाचा बोर्ड जळाला, वॉरंटीत कंपनीने बदलून दिला आणि लायसन्स तसंच राहिलं, कारण बिघाडामुळे उत्पादकाने बदललेला बोर्ड चालतो. तोच मी हौसेने जास्त ताकदीचा बोर्ड घातला असता, तर नियमानुसार तो नवा कॉम्प्युटर झाला असता आणि विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागलं असतं.

असेंबल केलेल्या तिघांपैकी दोनांना रिटेल, म्हणजे वेगळं सुटं विकत मिळणारं, लायसन्स घेतलं. ओईएमपेक्षा महाग, पण ते एका मशीनवरून काढून आपल्याच दुसऱ्या मशीनवर नेता येतं. एका वेळी एकाच मशीनवर, ही अट. चौथ्या महिन्यात त्यातल्या एकाचा बोर्ड आणि प्रोसेसर बदलला आणि विंडोजने ओळखच दाखवेना. नियमाने माझी बाजू शंभर टक्के बरोबर, आणि स्क्रीन म्हणतेय की लायसन्स नाही. मग अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'मी अलीकडे हार्डवेअर बदललंय' असा पर्याय सापडला. तो मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेल्या मशीनची यादी दाखवतो आणि त्यातलं कोणतं हे विचारतो. इथे घोडं अडलं. यादीत सगळ्यांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अगम्य अक्षरं. अंदाजाने एक निवडलं, चुकलं. दुसरं निवडलं, लागलं. त्याच संध्याकाळी सगळ्या मशीनना माणसात आणणारी नावं दिली.

त्याच वेळी दुसरी चूकही लक्षात आली. ऑफिसची दोन्ही लायसन्स मी माझ्या स्वतःच्या अकाउंटला जोडून बसलो होतो. उद्या मी नोकरी सोडली तर? ऑफिसच्या नावाने वेगळं अकाउंट काढून दोन्ही मशीन त्यावर घेतली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

आता तिसरं असेंबल मशीन, आणि इथे मी स्वतः माती खाल्ली. पैसे वाचवायचे म्हणून एका विक्रेत्याकडून स्वस्तातली 'लाइफटाइम' की घेतली. त्याने रिमोटवर येऊन पाच मिनिटांत काम केलं, अ‍ॅक्टिव्हेटेड दिसलं, मी खूश. साधारण सहा महिन्यांनी एका सकाळी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'चं पुसट वॉटरमार्क उगवलं. विक्रेता अर्थातच फोन उचलेना.

तेव्हा पहिल्यांदा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय' ही कमांड चालवली (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत). लायसन्स कुठल्या चॅनेलचं आहे ते ती सांगते: ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम (संस्थांना एकगठ्ठा दिलेलं). इथे आलं 'व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट'. केएमएस ही मोठ्या संस्थांची सोय. त्यांच्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर असतो आणि तोच सगळ्या मशीनना अ‍ॅक्टिव्हेशन देतो, पण प्रत्येक वेळी फक्त १८० दिवसांचं. मशीन दर सात दिवसांनी त्याच्याशी बोलून मुदत वाढवून घेतं. सर्व्हर भेटेनासा झाला की मुदत संपते. चालू अवस्थेत हीच कमांड मुदत मिनिटांत दाखवते, पूर्ण असेल तर २,५९,२०० मिनिटं. मी पहिल्या दिवशी हे पाहिलं असतं तर 'लाइफटाइम'चा अर्थ तिथेच कळला असता. शिवाय डेस्कटॉप विंडोजसाठी किमान २५ मशीन मोजल्याशिवाय असा सर्व्हर अ‍ॅक्टिव्हेशन देतच नाही. आमच्याकडे सगळी मिळून अकरा, त्यातलंही एक मॅक. म्हणजे ती की आमची असणं शक्यच नव्हतं. तिसरं रिटेल लायसन्स घेतलं आणि कानाला खडा लावला.

यानंतर व्हॉल्यूम लायसन्स नीट वाचलं. डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड असतं. कोऱ्या मशीनवर ते एकटं चालत नाही, खाली आधी एक मूळ लायसन्स लागतं. हे माहीत नसलेले माझ्यासारखे बरेच भेटले.

आणि क्लोनिंगचं प्रकरण तर माझ्या डोक्यातही नव्हतं. मी एका ब्रँडेड मशीनवर सगळी सॉफ्टवेअर टाकून इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, काढली आणि बाकी चारांवर ओतली. सगळी अ‍ॅक्टिव्हेट झाली, कारण प्रत्येकाच्या फर्मवेअरमध्ये स्वतःची की होतीच. वाटलं, पाच लायसन्स, पाच मशीन, हिशेब बरोबर. पण एका ओईएम मशीनची इमेज दुसऱ्यांवर टाकण्याचा हक्क ओईएम लायसन्स देत नाही. तो री-इमेजिंगचा हक्क व्हॉल्यूम ग्राहकांना मिळतो, आणि तोही इमेज व्हॉल्यूमच्या मीडियावरून (त्यांना मिळणाऱ्या इन्स्टॉलच्या फाइल्सवरून) बनवली तर. मशीनवर असलेली आवृत्ती आणि इमेजमधली आवृत्ती एकच हवी. त्यासाठी प्रत्येक मशीनला व्हॉल्यूम लायसन्स लागत नाही, एकावरही हा हक्क मिळतो. मी मात्र पाचही मशीन पुन्हा स्वतंत्र बसवली. दोन शनिवार गेले.

दोन जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नव्हतं, त्यामुळे विंडोज ११ ची वाट बंद. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता म्हणून दोन्हींवर उबुंटू हे फुकटातलं लिनक्स टाकलं. इथे मोजामोजच नाही. दोन टाका, दोनशे टाका. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ज्या जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, त्याच्या अटी प्रती पुढे वाटताना लागू होतात. नुसतं चालवण्यावर बंधन नाही. जास्त वर्षांचे सुरक्षा अपडेट देणारं उबुंटू प्रो हवं असेल तर मात्र आकडा येतो, पाच मशीनपर्यंत फुकट. सगळं लिनक्स असंच असतं असंही नाही. रेड हॅटचं सबस्क्रिप्शन मशीन मोजूनच चालतं. अकाउंट्सच्या बाईंना पहिले पंधरा दिवस जड गेले, आता त्या कुरकुर फक्त प्रिंटरबद्दल करतात, आणि ती त्या आधीही करायच्या.

मॅकबद्दल सांगण्यासारखं थोडंच. पूर्वी पाच कॉम्प्युटरपर्यंतचं 'फॅमिली पॅक' मिळायचं. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून सिस्टिम फुकट झाली आणि तो हिशेबच संपला. अट एवढीच की ती अ‍ॅपलच्याच मशीनवर टाकायची.

सध्या एक वही केली आहे. मशीनचं नाव, लायसन्सचा प्रकार, बिल कुठे आहे, कोणत्या अकाउंटला जोडलंय. अकराही ओळी भरल्या. बारावी ओळ मात्र अर्धवट आहे. एका जुन्या प्रोग्रामसाठी एका मशीनवर मी विंडोजचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालवतो. लायसन्सच्या करारात स्पष्ट लिहिलंय की एक प्रत एकाच मशीनवर, मग ते मशीन खरं असो वा व्हर्च्युअल. म्हणजे त्याला वेगळं लायसन्स हवं. ते घ्यायचं की तो प्रोग्रामच सोडायचा, हे सोमवारी साहेबांना विचारायचंय. तोवर ते बंद करून ठेवलंय.