गोठे पाहायला नेदरलँड्स की इस्रायल?

पुण्याहून दुग्धव्यवसायाच्या अभ्यासदौऱ्यावर निघताना नेदरलँड्स आणि इस्रायल यांपैकी एक निवडायचे असेल, तर आधी हवामान पाहावे. दूध काढणारा यंत्रमानव १९९२ साली नेदरलँड्सच्या गोठ्यात आला, तिथली कुरणे आणि सहकारी दूधसंघही पाहण्याजोगे आहेत. मात्र ती थंड, ओलसर हवा आपली नाही. इस्रायलमधील होल्स्टीन गाय उष्ण हवेतही वर्षाला सरासरी ११,००० लिटरांहून अधिक दूध देते, कारण उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा तिच्या अंगावर पाणी फवारून लगेच पंख्यांचा जोरदार वारा दिला जातो. शिरूर-इंदापूरच्या उन्हात धापा टाकणाऱ्या संकरित गाई ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तंत्र मोलाचे वाटेल. माझा कौल इस्रायललाच, अर्थात तिथली सुरक्षिततेची स्थिती तपासून. लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या संसर्गजन्य रोगाच्या धोक्यामुळे आपल्या गोठ्यातले बूट मात्र कुठेही नेऊ नयेत.