एमएस्सी स्टॅटिस्टिक्स: तीन सेमिस्टर झाल्यावर

बीएस्सी मॅथ्स करून स्टॅटला आले, आता चौथं सेमिस्टर चालूये. ॲडमिशन सुरू झाल्या की ज्युनिअर्सचे मेसेज येतात, मॅथ्स घेऊ की स्टॅट, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी डोक्यातून काढा की हा डेटा सायन्सचा क्लास आहे. आमच्या बॅचला बरीच पोरं पायथन शिकू म्हणून आलेली आणि सुरुवातीलाच प्रोबॅबिलिटीच्या थिअरीतलं सिग्मा फील्ड, मेझर (measure), मग कन्व्हर्जन्सचे चार प्रकार, कुठल्यातून कुठला निघतो, कुठला नाही निघत, त्याची काउंटर एक्झाम्पल्स, पोरं गपगार! रिअल ॲनालिसिस नीट झालं असेल तर तरून जाल.

पण इन्फरन्सचा, म्हणजे सॅम्पलवरून अख्ख्या समूहाबद्दल अंदाज बांधण्याचा, पेपर एक नंबर. अनबायस्ड एस्टिमेटर (सरासरीत बरोबर उत्तर देणारं अंदाजाचं सूत्र) कितीही डोकं लावून काढा, ठराविक अटी पाळल्या जात असतील तर त्याचा व्हेरिअन्स, म्हणजे उत्तरांचा विखुरलेपणा, एका मर्यादेखाली जातच नाही, हे डेटा हातात यायच्या आधीच सांगता येतं. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी हे 1945 मध्ये कलकत्त्यात असताना छापलं, तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. आमचं त्या वयात केटी सुटते का बघणं चाललंय.

प्रॅक्टिकल मात्र बोगस. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत होणारं रिग्रेशन आम्ही कॅल्क्युलेटरवर करून जर्नलमध्ये उतरवतो. एकदा हाताने करणं ठीक, समजतं तरी, पण अख्खं सेमिस्टर? मिसिंग व्हॅल्यूजवाला खराखुरा घाणेरडा डेटा वर्गात बघितलाच नाही, ते सगळं घरी स्वतःच केलं. बीकेसीतल्या बँकांच्या रिस्क टीम्स, इन्शुरन्स, क्लिनिकल ट्रायल्स, कुठेही जायचं तर ते आलंच पाहिजे.

माझी मैत्रीण मॅथ्सला आहे, टोपोलॉजी आणि अल्जेब्रात रमलीये, तिला पीएचडीच करायचीय, तिच्यासाठी तेच बरोबर. नोकरी देणाऱ्यांना मात्र तिला आमच्यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागतं. सीएसआयआर नेट, म्हणजे रिसर्च फेलोशिप आणि प्राध्यापकीसाठीची परीक्षा, तिचा पेपर दोघींना एकच, मॅथेमॅटिकल सायन्सेस. पार्ट सीमध्ये 60 पैकी 20 सोडवायचे, एकेक 4.75 मार्काचा, बरोबर पर्याय एकाहून जास्त असू शकतात आणि सगळे अचूक मारले तरच मार्क, अर्धे वगैरे काही नाही. जॅमला, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला, मात्र मॅथ्स आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स वेगळे पेपर आहेत, पवईच्या आयआयटीचं डोक्यात असेल तर फॉर्म भरतानाच ठरवा.

आणि स्टॅट घेणार असाल तर सुट्टीतच लिनिअर अल्जेब्रा, खास करून क्वाड्रॅटिक फॉर्म्स, घोटून ठेवा, लिनिअर मॉडेल्सचा पेपर थेट तिथूनच सुरू होतो.