नम्पाय ‘किमान १.२१’ हे खरं होतं का? यूव्हीच्या ‘लोएस्ट-डायरेक्ट’ने दिलेलं उत्तर

गेल्या वर्षी भर पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयातून एका विद्यार्थिनीची मेल आली. “ताई, तुमच्या लायब्ररीला नम्पाय १.२१ पासून पुढचं काहीही चालतं असं लिहिलंय. आमच्या लॅबमध्ये १.२१.५ आहे, तरी एकूण पाऊस काढताना एरर येते. सरांना विचारल्याशिवाय मशीनवर काही अपग्रेड करता येत नाही.”

नम्पाय ही पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी आणि माझी लायब्ररी तिच्यावर चालते. माझी लहान आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदी वाचायच्या आणि पावसाच्या तीव्रतेवरून एकूण मिलिमीटर काढायचे, एवढंच तिचं काम. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं आणि जुन्या ‘ट्रॅप्झ’ फंक्शनवर इशारा दिसू लागला: हे आता जाणार, ‘ट्रॅपेझॉइड’ वापरा. मी नाव बदललं, टेस्ट हिरव्या झाल्या, रिलीज केलं. पण ‘ट्रॅपेझॉइड’ हे नाव २.० च्या आधी नम्पायमध्ये नव्हतंच. सीआयवर (दर बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) पिप, म्हणजे पायथनचं नेहमीचं इन्स्टॉलर, दर वेळी सगळ्यात ताजं नम्पाय आणायचं, म्हणून बदललेला कोड १.२१ वर एकदाही चालवला गेला नव्हता. पायप्रोजेक्ट फाइलमधला (तिथे लायब्ररीला काय काय लागतं ते लिहितात) तो ‘किमान १.२१’ आकडा म्हणजे मी दिलेला शब्द होता. त्या मुलीने त्यावर विश्वास ठेवला आणि तिचे दोन दिवस वाया गेले, हे मला फार लागलं.

तेव्हापासून मी यूव्ही वापरते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे पायथनचं पॅकेज इन्स्टॉलर. बहुतेक जण त्याच्या वेगाचं कौतुक करतात, आणि वेग आहेच. माझ्यासाठी त्याची खरी किंमत एका पर्यायात आहे: ‘--रिझोल्यूशन लोएस्ट-डायरेक्ट’. हा दिला की तुम्ही थेट मागितलेल्या प्रत्येक पॅकेजची, तुमच्या अटीत बसणारी सगळ्यात जुनी आवृत्ती येते. त्यांच्या पोटातल्या डिपेंडन्सी, म्हणजे त्यांना लागणारी इतर पॅकेजेस, मात्र नेहमीसारख्या ताज्या येतात. पिपमध्ये असं काही नाही. आधी मी कन्स्ट्रेंट्सची (कोणती आवृत्ती घ्यायची ते सांगणारी) वेगळी फाइल हाताने लिहून बघितली होती, पण दोन महिन्यांत ती फाइल आणि पायप्रोजेक्ट यांचा मेळ बसेनासा झाला.

पहिल्या दिवशी तीन ठिकाणी अडले, आणि तिन्ही चुका माझ्याच निघाल्या. पांडासला (तक्त्यांच्या कामाची लायब्ररी) मी खालची मर्यादाच घातली नव्हती. यूव्हीने तसा इशारा दिला आणि पांडासची इतकी जुनी आवृत्ती उचलली की ती बिल्डच होईना. मग लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आहे, आणि त्यातून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं साधन काढून टाकलेलं असल्याने जुनं नम्पाय त्यावर बसणं शक्य नाही. म्हणजे सगळ्यात जुनी पॅकेजेस सगळ्यात जुन्या पायथनवरच तपासायची. यूव्ही स्वतःच पायथन ३.१० उतरवून देतं, त्यामुळे हे काम एका ओळीत झालं.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ‘किमान १.२१’ म्हणजे यूव्हीच्या लेखी १.२१.०. ती आवृत्ती जून २०२१ ची, आणि पायथन ३.१० आलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. या जोडीचं तयार व्हीलच (आधीच बांधलेलं पॅकेज) नाही, म्हणून यूव्ही सोर्सवरून बांधायला बसलं. म्हणजे माझी मर्यादा निव्वळ गोल आकडा होती. ती १.२१.५ केली, पांडासची १.३.५ केली. उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० सोबत याच आवृत्त्या मिळतात, आणि लॅबचं मशीन तेच आहे. ‘ट्रॅपेझॉइड’ नसेल तर ‘ट्रॅप्झ’ घे, ही दुरुस्ती दोन ओळींची होती.

आता जुन्या आवृत्त्या किती काळ सांभाळायच्या या धोरणाबद्दल. सायंटिफिक पायथनवाल्यांचा ‘स्पेक ०’ हा सामायिक नियम सांगतो की पायथनची आवृत्ती तीन वर्षांनी सोडा आणि नम्पाय, पांडाससारखी मूळ पॅकेजेस दोन वर्षांनी. एक्सअॅरे ही लायब्ररी त्याहून कडक आहे: पायथन ३० महिने, नम्पाय १८, बाकीची १२. मोठ्या प्रकल्पांना हे कॅलेंडर लागतंच, नाहीतर दर रिलीजला तोच वाद. पण स्पेक ० जसाच्या तसा घेतला असता तर पायथन ३.१० ऑक्टोबर २०२४ मध्येच सुटलं असतं आणि ती लॅब बाहेर फेकली गेली असती. मी पायथनची पाच वर्षांची अधिकृत मुदत धरली. नम्पायची मर्यादा गरज पडली तरच वर न्यायची, आणि पॅच रिलीजमध्ये (फक्त दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती) कधीच नाही.

हा शेवटचा नियम मला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पायथनची मर्यादा वाढवली तर जुन्या पायथनवरचं पिप तुमची जुनी, चालणारी आवृत्ती आपोआप देतं. २०१७ मध्ये आयपायथन (पायथनचं संवादी शेल) ६.० ने पायथन २ सोडलं ते याच सोयीच्या भरवशावर. नम्पायच्या मर्यादेला तसं संरक्षण नाही. ती वाढवली की पिप समोरच्याचं नम्पायच वर चढवतं, आणि त्याच एन्व्हायर्नमेंटमधलं (एकत्र बसवलेल्या पॅकेजेसचा संच) दुसरं कुणाचं तरी काम मोडू शकतं.

यूव्हीबद्दल दोन तक्रारी आहेत. आधीच भरलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हा पर्याय चालवला तर अटीत बसणारी पॅकेजेस तशीच राहतात आणि आपण जुन्यावर तपासलं असा समज होतो. दर वेळी कोरं एन्व्हायर्नमेंट घ्या. दुसरं, लॉक फाइल (ठरलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) वापरत असाल तर रिझोल्यूशन बदलल्यावर ती नव्याने लिहिली जाते. माझी एकदा तशीच कमिट झाली होती. नुसता ‘लोएस्ट’ हा पर्यायही आहे, पण तो पोटातल्या डिपेंडन्सीही खाली नेतो, आणि इतरांनी मर्यादा न घातल्याचं ओझं आपल्या टेस्टवर येतं. मी तो सोडून दिला.

दुरुस्त आवृत्ती गेल्यावर त्या मुलीची पुन्हा मेल आली. जून ते सप्टेंबरचे आकडे निघाले होते, सोबत तिने आलेखही जोडला होता. लॅबचं मशीन कधी बदलणार ते तिलाही ठाऊक नाही. माझ्याकडे १.२१.५ चा रन रोज रात्री लागतो, इन्स्टॉल आणि टेस्ट धरून मिनिटभरात संपतो.