मे महिन्यातला वीकेंड: फोंडा-सत्तरी की केपे-काणकोण?

मुलांना सुट्टी लागली की गोव्यात घरोघरी हाच विषय, शनिवार-रविवार गाडी काढायची पण कळंगुट-बागाची गर्दी नको, गावागावांतून जायचं, मग जायचं कुठे? शेवटी दोन रूट उरतात. एक म्हणजे फोंड्याची देवळं, तिथून तांबडी सुर्ला आणि सत्तरी तालुक्यातलं वाळपई, मग साखळी करत डिचोलीला उतरायचं. दुसरा मडगावहून केपे, रिवण आणि मग काणकोण. दोन्हीकडे एक रात्र बाहेर काढावी लागते. बरेच जण किलोमीटर मोजून ठरवतात, पण माझं म्हणणं वेगळं आहे. मे महिन्यात दुपारी साडेअकरा ते चार तुम्ही कुठे असणार ते आधी ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. त्या दमट उन्हात मुलं किरकिर करतात, आजी-आजोबा गाडीतून उतरायलाच तयार होत नाहीत आणि अख्खी ट्रिप तिथेच बसते.

फोंड्याकडे हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. सकाळी लवकर मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा करून घ्यायची, उशीर केला की टुरिस्ट बसेस येतात आणि पार्किंगलाच अर्धा तास जातो. मग नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा सगळं एकमेकांजवळ आहे, पण पाचही देवळं एका दिवसात उरकायच्या मागे लागू नका, दोन-तीन निवांत बघा. मुलांना एवढं जरूर सांगा की यातले बरेचसे देव मूळचे इथले नाहीत, पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी ते नदीपलीकडे आणले, मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. दुपार काढायची सावई वेरे किंवा केरीच्या बाजूच्या एखाद्या कुळागरात. सुपारीच्या बागेत वर झावळ्यांचं छत, खाली पाटाचं पाणी, मिरीचे वेल झाडांवर चढलेले, बाहेर रस्ता तापलेला असताना आत चक्क गारवा असतो. बऱ्याच बागांत जेवणाची सोय असते, फक्त आदल्या दिवशी फोन करून ठेवा. रात्री राहायला फोंड्यात लॉज आहेत, नाहीतर देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांसाठीच्या खोल्या, पण तिथे सुट्टीत खोली आयत्या वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तांबडी सुर्ला. हा भाग मात्र खरंच चुकवू नये असा आहे. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं छोटंसं काळ्या दगडाचं देऊळ, एवढं आत जंगलात असल्यामुळेच वाचलं. मंडपातल्या खांबांच्या तळाशी वाकून बघा, एका खांबावर हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय असं कोरलेलं आहे, जेमतेम वीतभर असेल, घाईत गेलात तर दिसतही नाही. मग मान वर करून छतावरचं कमळ बघा. मागे ओढा आहे, मे मध्ये पाणी कमी असतं पण मुलांना पाय बुडवायला पुरतं. फोंडा ते मोले हा बेळगावचा हायवे असल्यामुळे ट्रक खूप, म्हणून सकाळी सहा-साडेसहाला निघणं बरं. टाकी फोंड्यातच भरा, पुढे मोबाईलला रेंजही धड नसते.

पुढे वाळपईवरून साखळी, हा रस्ता काजूच्या आणि रानाच्या मधून जातो, बघण्यासारखं फार नाही पण गाडी चालवायला मस्त. साखळीजवळ हरवळ्याचा धबधबा लोकांच्या लिस्टवर पहिला असतो आणि मे मध्ये तिथे बारीक धार असते, फोटोतला धबधबा बघायचा तर पावसातच या. शेजारच्या दगडात कोरलेल्या गुहा बघून पुढे निघा. त्यापेक्षा नार्व्याचं सप्तकोटेश्वर बघा, शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करवलेलं देऊळ, दारावर तो शिलालेख आहे, आणि २०२३ मध्ये परत नीट दुरुस्त होऊन खुलं झालंय. शाळेत इतिहास शिकणाऱ्या पोरांना हे जागेवर दाखवायला मिळतं. एक लक्षात ठेवा, वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची लईराईची जत्रा असते, त्या दिवसात डिचोलीच्या बाजूला गर्दी प्रचंड, जत्रेला जायचं नसेल तर तो वीकेंड टाळा.

आता दक्षिण. इथे दुपार सांभाळावी लागते, सावलीला कुळागरासारखा हमखास आसरा नाही. पण एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी मे महिनाच निवडेन, ती म्हणजे रिवणजवळची उसगाळीमळची कोरीव चित्रं. कुशावती नदीच्या काठावर जांभ्याचा सपाट खडक आणि त्यावर शंभरावर आकृत्या, बैल, हरणं, मोर, माणसं, आणि एक गोल गोल फिरत आत जाणारा चक्रव्यूह की मुलं त्याच्या बाजूला बसून नजरेने वाट शोधत बसतात. गावातल्या लोकांना माहीत होतं, अभ्यासकांपर्यंत हे १९९३ मध्ये पोचलं. पावसात नदी चढली की हे पाण्याखाली, चिखलाखाली जातं, म्हणजे कोरड्या दिवसांतच बघायचं. सकाळी आठ-साडेआठला पोचा, ऊन तिरकं असतं तेव्हा रेषा उठून दिसतात, नंतर ऊन डोक्यावर आलं की रेषाही पुसट होतात आणि खडकही तापतो. चित्रांवर चपला घालून कोणी चालू नका, मुलांना आधीच बजावा. जांबावलीचं दामोदर मंदिर वाटेतच आहे.

तिथून परत केप्याला. १७८७ सालचा डीनचा, म्हणजे चर्चच्या बड्या पाद्र्याचा वाडा, पालासिओ दो देयांव, नदीजवळ उभा आहे, आत जुनं फर्निचर, मागे बाग, आधी कळवलं तर जेवणही मिळतं. दुपारचा प्रश्न इथे सुटतो, पण जेवण स्वस्त नाही आणि चार वर्षांची पोरं जुन्या वस्तूंमध्ये किती वेळ शांत बसतील ते तुमचं तुम्हाला माहीत. उन्हं उतरली की बाळ्ळीला येऊन हायवे पकडायचा, करमळ घाट वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि ओव्हरटेकची घाई अजिबात नको. संध्याकाळी पाळोळ्याला पाण्यात, आणि इथे दक्षिण सरळ जिंकते, कारण दिवसभराच्या उकाड्यानंतर मुलांना समुद्र मिळाला की घरचे सगळेच सुटतात. मात्र मे च्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको, शिवाय तेव्हा शॅकवाले आवराआवर करत असतात. मासे खायचे तर १ जूनच्या मासेमारी बंदीच्या आधीच या.

रविवारी सकाळी काब द राम किल्ला, नऊच्या आत, आत सावली नाही. नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी पोरांना प्रचंड आवडते, टाळ्या वाजवल्या की जास्त बुडबुडे येतात असं म्हणतात आणि मुलं ते करून बघितल्याशिवाय हलत नाहीत, पण ती आत सांग्याच्या बाजूला आहे, रविवारी तिकडे जायचं तर किल्ला सोडा. साळावली धरणाचा तो गोल सांडवा बघायला मे मध्ये जाऊ नका, पाणी ओसंडतं ते भर पावसाळ्यात.

मग घ्यायचं कुठलं? सोबत सत्तर वर्षांच्या पुढचे आजी-आजोबा असतील, किंवा गुडघे दुखणारं कोणी असेल तर फोंडा-सत्तरी, डोळे मिटून. मुलं सहा-सातच्या वरची आहेत, सगळे पहाटे उठायला तयार आहेत तर केपे-काणकोण, आणि माझं मत विचाराल तर मे मध्ये हेच, कारण हरवळे, साळावली आणि सत्तरीचं रान पावसात जास्त खुलतं पण उसगाळीमळ तेव्हा दिसत नाही. तान्हं बाळ असेल तर मात्र दोन्ही नको, फक्त फोंडा करा आणि रात्री घरी या. दोन्ही रूट जोडून तीन दिवसांचं करायचा विचार असेल तर मधला सगळा वेळ गाडीत जाईल, एक आत्ता करा आणि दुसरा दिवाळीच्या सुट्टीला ठेवा.

खर्चाचं थोडक्यात, काणकोणला रूमची संख्या जास्त म्हणून घासाघीस होते, फोंड्याकडे जेवण स्वस्त पडतं, पेट्रोल दोन्हीकडे साधारण सारखंच. येताना फोंड्याच्या बाजूने रस्त्यावर मानकुराद आंबा मिळतो, दक्षिणेहून येत असाल तर काणकोणच्या बाजारात खोल्याची मिरची विचारा, आणि मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताचे दिवस असतील तर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी, सुकी मासळी-सोलं वगैरे, तिथेच उरकून घ्या, डिकीत तेवढी जागा ठेवूनच निघा.